कॅबिनेटची खडखड: आधी कान लावा, मग पेचकस उचला

रात्री दहानंतर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीतली वर्दळ थांबते आणि टेबलाखालचं कॉम्प्युटरचं कॅबिनेट ऐकू यायला लागतं. दिवसभर मिक्सर, हॉर्न, शेजारचा टीव्ही यांत तो आवाज मुरलेला असतो. रात्री मात्र तो एकटाच उरतो आणि डोकं उठवतो. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं हेच झालं. पुतणी परीक्षेच्या अभ्यासाला त्या कॉम्प्युटरवर बसायची. आठवडाभर तिनं सहन केलं, मग वह्या-पुस्तकं उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी मशीन एका दुकानात नेलं. झाकणही न काढता तिथं सांगितलं गेलं, की एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेलाय आणि दोन फॅनही बदलावे लागतील. मनाला पटलं नाही म्हणून परत आणलं आणि स्वतः उघडलं. हार्ड डिस्क चारऐवजी दोनच स्क्रूंवर लटकत होती आणि बाजूच्या पत्र्याचा एक स्क्रू गायब होता. पाच स्क्रू आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा, एवढ्यावर काम भागलं. तोच एसएमपीएस आजही चालू आहे.

ज्यांनी आजवर कॅबिनेट कधी उघडलेलंच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खडखडणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा काहीतरी सैल झालेलं असतं, एवढंच. कुठं सैल झालंय ते कानानं शोधता येतं, आणि ते सापडेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका.

लाटणं घेऊन बसा

माझे मामा उद्यमनगरात लेथवर कामाला होते. एखादं बेरिंग बोलायला लागलं, की ते लांब पेचकसाचं टोक बेरिंगच्या घरावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला चार लेथ चालू असले तरी त्यांना त्या एका बेरिंगचा आवाज वेगळा ऐकू यायचा. "दमानं ऐक, ते सांगतंय काय झालंय ते," असं म्हणायचे. कॅबिनेटलाही हीच युक्ती लागू पडते, फक्त पेचकस घेऊ नका. आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, वीज खेळत असते. लोखंडी टोक घसरून भलतीकडं टेकलं तर बोर्डच जायचा. स्वयंपाकघरातलं लाकडी लाटणं घ्या. त्याचं एक टोक कॅबिनेटच्या पत्र्यावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर. लाकडातून थरथर थेट हाडात येते आणि खोलीतला बाकीचा गलका मागं पडतो.

पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. कॅबिनेटआधी शेजारच्या यूपीएसवर आणि स्टॅबिलायझरवर लाटणं लावून बघा. त्यांच्या आतला ट्रान्सफॉर्मर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा थरथरतो आणि त्याची गुणगुण पुष्कळदा बिचाऱ्या कॅबिनेटच्या नावावर जाते. तिथं काही नसेल तर मग कॅबिनेटच्या दोन्ही बाजू, माथा, पुढची प्लॅस्टिकची चौकट आणि शेवटी मागची एसएमपीएसची जाळी, असं क्रमानं ऐकत जा.

त्यानंतर तळहाताची परीक्षा. डाव्या बाजूच्या पत्र्यावर मधोमध तळहात सपाट दाबा. आवाज बंद झाला, हात काढल्यावर परत आला, तर चोर सापडला. असंच माथ्यावर, उजव्या पत्र्यावर आणि पुढच्या चौकटीवर करा.

आता आवाजाला नाव द्या. आपल्या भाषेत यासाठी शब्दांची ददात नाही, आणि नाव नेमकं दिलं तर निम्मं निदान तिथंच होतं.

खडखड किंवा थरथर, मधेच येते, मधेच जाते, टेबलाला धक्का लागला की बदलते: हा सैल पत्रा.

एकसुरी हूंऽऽ असं घुमणं, जे खोलीच्या एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी ऐकू येतं: ही बहुधा हार्ड डिस्क. ७२०० फेऱ्यांची डिस्क मिनिटाला ७२०० म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. तीच थरथर स्क्रूमधून पत्र्यात आणि पत्र्यातून टेबलाच्या पोकळ फळीत उतरते. डग्ग्याच्या पोटात जसा आवाज भरतो तसा तो टेबलात भरतो.

वूं... वूं... अशी लाट, दर दोन-चार सेकंदांनी चढणारी-उतरणारी: दोन फॅन जवळजवळ सारख्या गतीनं फिरतायत पण तंतोतंत नाही. यात बिघाड काहीच नाही. एकाची गती थोडी कमी केली की लाट जाते.

टिकटिक किंवा टर्रर्र, सायकलच्या चाकात लहान मुलं पुठ्ठा अडकवतात तशी: एखादी तार फॅनच्या पात्याला लागतेय.

चालू केल्याबरोबर घरघर आणि मशीन तापल्यावर पाच-दहा मिनिटांत शांत: फॅनच्या बेरिंगमधलं तेल सुकलंय. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हा आवाज हमखास वाढतो, कारण गारठ्यात उरलंसुरलं तेलही घट्ट होतं.

बारीक शीळ, गेम किंवा व्हिडिओ चालू केला की बदलणारी: ग्राफिक्स कार्ड किंवा एसएमपीएसमधल्या कॉइलचा आवाज. पेचकसानं हा जात नाही. त्रास होतो, पण धोका नसतो.

आणि एक आवाज असा आहे, की तो ऐकला तर बाकी सगळं सोडा. हार्ड डिस्कमधून थांबून थांबून कट्... कट्... कट् असा आवाज आणि मशीन मधेच अडकणं. डिस्क मरणाच्या वाटेवर असू शकते. त्याच क्षणी फोटो, कागदपत्रं, अभ्यासाच्या फाइल दुसरीकडं उतरवून घ्या. खडखड नंतर बघू.

उघडण्याआधी

कॉम्प्युटर नीट शटडाउन करा. भिंतीवरचं बटण बंद करा आणि एवढ्यावर न थांबता मागची पॉवर केबल ओढून काढा. मग कॅबिनेटचं चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डावर साठलेली वीज निचरून जाते. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, नेटची वायर सगळं काढा. कुठली वायर कुठं होती याचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा, पहिल्या खेपेला तो फार उपयोगी पडतो.

पेठांतल्या जुन्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चालू कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या, तर घराच्या त्या सॉकेटला अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसच्या तोंडाशी जे फिल्टर असतं, त्यातून थोडी वीज अंगाच्या लोखंडावर येते आणि ती अर्थच्या तारेतून जमिनीत जावी अशी रचना असते. अर्थच नसेल तर ती जाणार कुठं? पत्रा साधारण ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो, पण हे तसंच चालवून घेऊ नका. आधी वायरमनला बोलवा, कॅबिनेट नंतर.

आत हात घालण्यापूर्वी चौकटीच्या रंग नसलेल्या लोखंडाला बोट लावा, अंगातली स्थिर वीज तिथं उतरते. कामाच्या मधेमधे हे करत राहा.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. केबल काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास वीज बसलेली असू शकते. त्याच्या फॅनचा आवाज येत असेल तर बाहेरूनच जाळीवरची धूळ ब्रशनं काढा. तेवढ्यानं भागलं नाही तर जाणकाराकडं द्या किंवा बदला.

पत्रा आणि स्क्रू

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण सगळ्यात जास्त आवाज इथून येतो. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा पातळ असतो. कडेला वळवलेल्या जिभा चौकटीच्या खाचांत बसवून मागून दोन स्क्रू लावलेले असतात. दोन-चार वेळा उघडझाप झाली की जिभा वाकतात, खाचेत खेळ तयार होतो आणि आतल्या थरथरीनं लोखंड लोखंडावर वाजायला लागतं.

बाजूचा पत्रा मागचे दोन स्क्रू काढून मागं सरकवा आणि जमिनीवर उभा धरून टिचकी मारा, कलिंगड घेताना मारतो तशी. 'टण्' असा लांबणारा आवाज आला तर हा पत्रा घुमणारा आहे. आता मधोमध तळहात ठेवून परत टिचकी मारा. 'ठप्प' ऐकू येईल. आपल्याला तळहाताचं हे काम करणारं काहीतरी तिथं कायमचं चिकटवायचंय. गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात दरवाजांना आतून लावायची डांबरी डॅम्पिंग शीट मिळते. तळहाताएवढा तुकडा पत्र्याच्या आतून मधोमध चिकटवा. पत्रा मध्यावर सगळ्यात जास्त हलतो, त्यामुळं तेवढा तुकडा पुरतो. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. पत्र्याला जाळी किंवा भोकं असतील तर ती चुकूनही झाकू नका.

कडांसाठी सायकलची ट्यूब. पंक्चरवाल्याकडं टाकाऊ ट्यूब मागा, तो आनंदानं देईल. साबणानं धुऊन वाळवा, कात्रीनं बोटाच्या निम्म्या रुंदीच्या पट्ट्या कापा आणि पत्रा चौकटीवर जिथं टेकतो तिथं पातळ दुहेरी टेपनं चिकटवा. पट्टी जाड झाली तर पत्रा बसत नाही, म्हणून ट्यूबचा एकच थर घ्या. चप्पल लाइनीत चामड्याच्या कातरणी मिळतात आणि चामडंही थरथर छान गिळतं, पण आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. रबरच बरं.

पत्रा परत लावण्यापूर्वी वाकलेल्या जिभा पकडीनं हळूच सरळ करा. जीभ एकदा मोडली की पुन्हा लागत नाही.

आता स्क्रू. कॅबिनेटमध्ये दिसायला सारखे पण आट्यांना वेगळे असे दोन जातींचे स्क्रू असतात आणि नवशिक्यांचा गोंधळ इथंच होतो. पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाचे आटे मोठे, खरबरीत दिसतात. एका इंचात ३२ आटे. बाजूचा पत्रा, एसएमपीएस आणि मोठी साडेतीन इंची हार्ड डिस्क यांना हा लागतो. दुसरा ३ मिलिमीटरचा, बारीक आट्यांचा. अडीच इंची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणि डीव्हीडी रायटरला तो. मदरबोर्डाखालच्या पितळी खुंट्यांना कॅबिनेटप्रमाणं यातला कुठलाही असू शकतो, म्हणून तिथला स्क्रू काढला तर वेगळा ठेवा. मोठ्या आट्याचा स्क्रू बारीक भोकात जोरानं पिळला तर आटे मेलेच. बारीक स्क्रू मोठ्या भोकात घातला तर तो नुसता लटकतो आणि वाजतो. आमच्या डिस्कचे उरलेले दोन स्क्रू नेमके असेच चुकीच्या जातीचे निघाले.

स्क्रू लावताना मामांनी शिकवलेली एक सवय लावून घ्या. भोकावर स्क्रू ठेवून आधी उलटा, म्हणजे डावीकडं फिरवा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात बोटांना 'टुक्' असं जाणवतं, स्क्रू किंचित खाली बसतो. त्याचा आटा भोकाच्या आट्यात पडला. आता उजवीकडं फिरवा. आडवा स्क्रू घुसून आटे खराब व्हायचा प्रश्नच राहत नाही. लोखंडात स्क्रू टेकल्यावर पाव फेरा आणखी, बस्स. प्लॅस्टिकमध्ये टेकला की थांबा.

मागच्या बाजूला कार्डांच्या खाचांवर लांबट पट्ट्या असतात, त्याही हलवून बघा. एखादी सैल असेल तर वाजते. एखादी नसेलच तर ती जागा बुजवा, कारण तेवढ्या फटीतून पाल आत शिरते आणि उबेला एसएमपीएसजवळ जाऊन बसते. आणि कॅबिनेट आडवं करून तळाशी एखादा सुटा स्क्रू पडलाय का बघा. तो नुसता खडखडत नाही, बोर्डाखाली गेला तर शॉर्ट करतो.

तारा

फॅनच्या आजूबाजूच्या सगळ्या तारा मागं ओढून चौकटीला प्लॅस्टिकच्या बांधपट्टीनं बांधा. पट्टीचं शेपूट कापा, नाहीतर तेच पात्याला लागतं. बांधल्यावर प्रत्येक फॅन बोटानं एक पूर्ण फेरा फिरवून बघा, कुठं काही घासतंय का. तारा ताणून बांधू नका, कनेक्टरपाशी थोडी ढील ठेवा. विषय एवढाच, दहा मिनिटांत होतो.

धूळ

धुळीनं आवाज कसा होतो? पात्यांवर धूळ सारखी बसत नाही. एका पात्यावर जास्त बसली की फॅनचा तोल जातो आणि तो थरथरतो. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) फटी बुजल्या की प्रोसेसर तापतो आणि मशीन फॅन जोरात पळवतं. उद्यमनगराच्या आसपास राहणाऱ्यांच्या घरात लोखंडी भुकटी आणि फाउंड्रीची वाळू येते. उसाच्या हंगामात गच्चीवर जी काळी राख पडते, ती खिडकीतून आतही येतेच. तिथं चार-सहा महिन्यांनी, एरवी वर्षातून एकदा सफाई पुरे.

मऊ रंगकामाचा ब्रश आणि हाताचा ब्लोअर घ्या, कॅबिनेट गच्चीत किंवा दारात न्या. हवा मारताना फॅनचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं फॅन त्याच्या नेहमीच्या गतीपेक्षा कितीतरी जोरात फिरतो, बेरिंगची वाट लागते आणि फिरणारी मोटर उलट बोर्डाकडं वीज पाठवू शकते.

गॅरेजच्या किंवा पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर कॅबिनेट नेणारे मी पाहिलेत. कळकळीनं सांगतो, नेऊ नका. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं, तेलाचे कण असतात, आणि पावसाळ्यात तर नळीतून फवाराच येतो. शिवाय दाब इतका, की बारीक कनेक्टर उखडतात.

प्रोसेसरवरचा फॅन आणि हीटसिंक पहिल्या खेपेला काढू नका. काढलं तर त्यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते. फक्त हीटसिंक दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात. त्यातली एक उचकटलेली असेल तर कूलर थरथरतो आणि प्रोसेसरही तापतो. ती 'कट्' आवाज येईपर्यंत सरळ खाली दाबा.

फॅन

टिकटिक गेली, धूळ गेली, तरी घरघर उरली तर फॅनचं बेरिंग. कुठला फॅन हे शोधायला मशीन बंद करून एका वेळी एका फॅनचं कनेक्टर काढा, मग चालू करून ऐका. प्रोसेसरच्या फॅनचं कनेक्टर मात्र काढायचं नाही. त्याच्याशिवाय प्रोसेसर तापतो आणि पुष्कळ बोर्ड तर सूचना दाखवून पुढं जातच नाहीत.

दोषी फॅन सापडला, की तो काढून हातात घ्या. पातं वर-खाली हलवून बघा. किंचित चाल असतेच, पण आडवी डुगडुग जाणवली तर बेरिंग झिजलंय, फॅन बदला. डुगडुग नसेल आणि नुसता कोरडा असेल तर तेल घालून बघायला हरकत नाही. मधला गोल स्टिकर नखानं अर्धा उचला. खाली रबराचं किंवा प्लॅस्टिकचं बूच असेल तर सुईनं उचकटा. आत दांड्याचं टोक दिसेल. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, फार तर दोन. दहा-वीस वेळा बोटानं फिरवा, बूच लावा, कडेचं तेल कापसानं पुसा आणि मग स्टिकर चिकटवा. तेलकट जागेवर स्टिकर धरत नाही आणि उघड्या भोकातून तेल उडून जातं. बूचच दिसलं नाही तर फॅन बंद जातीचा आहे, त्याला भोक पाडत बसू नका.

खोबरेल तेल घालू नका. थंडीत बाटलीत जसं ते गोठतं तसंच बेरिंगमध्ये गोठतं आणि पुढं चिकट होतं. गंज सोडवायचा स्प्रेही नको. त्यानं दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर आहे ते वंगणही धुऊन निघतं.

पुराच्या पाण्यात गेलेल्या मशीनबद्दल २०१९ आणि २०२१ नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. गाळ शिरलेला फॅन वाचवत बसू नका, तेल घातल्यावर तो गाळ बेरिंगमध्ये घासायचं काम करतो. तो फॅन बदलायचाच.

नवा फॅन घ्यायचा तर पट्टीनं एका बाजूच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून जा. १०५ मिलिमीटर असेल तर १२० चा फॅन, ७१.५ असेल तर ८० चा. कनेक्टर तीन पिनांचं की चार, तेही बघा. जागा असेल तर मोठा फॅन घ्या, तो कमी गतीत तेवढीच हवा देतो आणि म्हणून शांत असतो. बसवताना लक्षात ठेवा, हवा स्टिकरच्या, म्हणजे आडव्या दांड्या असलेल्या बाजूनं बाहेर पडते. पुढचा फॅन हवा आत घेणारा, मागचा बाहेर फेकणारा. फॅन आणि पत्रा यांच्यामध्ये चारी कोपऱ्यांत ट्यूबचे भोक पाडलेले चौकोनी तुकडे ठेवा. उद्यमनगरात ज्याला वायसर म्हणतात, तेच हे रबराचे. फॅनचे जाड स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे पाडतात, म्हणून सावकाश आणि सरळ घाला.

हार्ड डिस्क

चारही स्क्रू, योग्य जातीचे, आणि डिस्क व खाच यांच्यामध्ये पातळ रबर. स्क्रू रबर थोडं दबेल इतकाच आवळा. पूर्ण पिळलात तर रबर असून नसल्यासारखं होतं. खाचेवरची आणि शेजारची हवेची वाट मोकळी ठेवा.

बसवल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम चालवून डिस्कची तब्येत बघा. 'गुड' च्या जागी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं तर रबर कामाचं नाही, डेटा उतरवा आणि एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळं आवाज शून्य. खरं सांगायचं तर घुमण्याचा कायमचा इलाज तोच आहे. आणि चालू मशीन कधीही ढकलू, उचलू नका. फिरत्या तबकडीवर डिस्कचं हेड डोळ्याला न दिसणाऱ्या अंतरावर तरंगत असतं.

फरशी, टेबल आणि बायोस

शहाबादी फरशीवर चारही पाय क्वचितच सारखे टेकतात. कॅबिनेटचा माथा कोपऱ्यावर दाबा, डुगडुगलं तर त्या पायाखाली ट्यूबची घडी घाला. टेबलाच्या पोकळ कप्प्यात ठेवलं असेल तर आधी बाहेर काढून ऐका, पुष्कळांचा निम्मा आवाज तिथंच जातो. सतरंजीवर ठेवू नका. ज्यांचा एसएमपीएस खाली असतो त्यांची हवेची वाट त्यानं बंद होते. ओल धरणाऱ्या खोलीत चार बोटं उंच लाकडी पाट चांगला. त्याखाली रबर, वर रबर.

यानंतरही फॅन विनाकारण पळत असेल तर चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा. आसूसच्या बोर्डावर 'क्यू-फॅन', गिगाबाइटवर 'स्मार्ट फॅन' अशा नावानं फॅनची गती ठरवायची सोय असते. चार पिनांच्या फॅनला पीडब्ल्यूएम आणि तीन पिनांच्याला डीसी निवडा. मग 'सायलेंट' ठेवून बघा. नंतर नेहमीचं काम अर्धा तास करून तापमान तपासा. नुसतं बसलेलं असताना ३५ ते ५० अंश, जोराच्या कामात ८०-८५ पर्यंत ठीक. त्याच्यावर जात असेल तर गती परत वाढवा. शांततेपायी प्रोसेसर भाजायचा नाही.

सगळं लावून झालं की लाटणं परत घ्या आणि पहिल्यासारखंच क्रमानं ऐका. उरलेले स्क्रू औषधाच्या रिकाम्या डबीत, दोन जाती वेगळ्या करून ठेवा. आणि पंधरा दिवसांनी एकदा पेचकस फिरवा. नवीन रबर दबतं आणि स्क्रू थोडा सैल होतो, विशेषतः हार्ड डिस्कचे आणि मागचे दोन.